रविवारची दौड

धावण्याविषयी आमच्या किनवटात फारशी आदरबुद्धी नाही. येथे मनुष्य धावतो तो मुदखेडकडे जाणारी गाडी चुकू नये म्हणून, अंगणात वाळवण असता आभाळ भरून आले म्हणून, किंवा पैनगंगेकाठच्या जंगलात अस्वल सामोरे आले म्हणून. अलीकडे पोलीसभरतीची तयारी करणारी मुले पहाटे रस्त्याने धावताना दिसतात. त्यांच्या धावण्यासही पोटाचे सबळ कारण असते. चाळिशी उलटलेला गृहस्थ बिनकारणी धावताना दिसला, तर तो परगावाहून बदलून आलेला अधिकारी असावा किंवा डॉक्टरने त्यास मधुमेहाचे भय घातले असावे, असे गाव समजून चालते. तेव्हा अमेरिकेतील एका यहुदी धर्ममंडळीने स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगासाठी दौड केली आणि तीत आमचा एक जुना विद्यार्थी धावला, हे वर्तमान आम्ही मित्रमंडळींस सांगितले, त्या वेळी एका सेवानिवृत्त स्नेह्यांनी विचारलेला प्रश्न अगदी स्वाभाविक होता. ते म्हणाले, "रोग एकीला, धावणार दुसरा, आणि बरे वाटणार कोणाला?"

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी आमच्या घरची हकीकत सांगणे प्राप्त आहे. आमच्या थोरल्या वहिनींस २०१८ च्या दिवाळीत हा रोग असल्याचे निष्पन्न झाले. त्या आज हयात आहेत आणि घरच्या लोणच्यात मीठ किती असावे हे अद्याप त्याच ठरवितात, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांचा जीव टांगणीस लागावयास नको. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठावन्न होते. गाठ हातास लागून सात-आठ महिने लोटले होते. मध्यंतरी त्यांनी कोणा एका डॉक्टरास दाखविले होते, म्हणजे पदर न काढता नुसते सांगितले होते, आणि त्याने चोळावयास मलम दिले होते. घरात कोणास शब्द नाही. शेवटी चकल्या पाडताना सोऱ्या दाबवेना, तेव्हा त्या आमच्या पत्नीस हळूच म्हणाल्या, "अंगावर काहीतरी आलंय गं."

"अंगावर" या शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. आमची सारी हयात वाङ्मय शिकविण्यात गेली. ज्या अवयवाचे वर्णन करताना संस्कृत कवींस उपमा पुरत नाहीत, आणि ज्या वर्णनांवर आमच्या विद्यापीठांनी पदव्या वाटल्या, त्याच अवयवास दुखणे झाले की आमच्या घरात त्यास नाव उरत नाही. पायास ठेच लागली तर पाय म्हणता येतो, डोळे आले तर डोळे म्हणता येतात. येथे मात्र "अंगावर", "छातीला", "इथं" एवढ्यावर भागवावयाचे. निनावी दुखणे डॉक्टरकडे न्यावयाचे तरी कसे? आमच्या भागातील किती बायांचा काळ या एका अडचणीत गेला असेल, याची मोजदाद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

जी मोजदाद सापडते तीही थोडी नव्हे. २०२२ साली भारतात या रोगाचे सुमारे एक लाख ब्याण्णव हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे अठ्ठ्याण्णव हजार स्त्रिया त्याने मेल्या, असा जागतिक कर्करोग-संस्थेचा अंदाज आहे. म्हणजे दोन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू. त्याच वर्षी अमेरिकेत हे प्रमाण साधारणतः सहांस एक असे पडते. रोग तोच, गाठही तीच. अंतर पडते ते मुख्यत्वे गाठ हातास लागल्यापासून डॉक्टरच्या हातास लागेपर्यंतच्या महिन्यांत, आणि नंतर औषधोपचार पुरा होतो की अर्ध्यावर सुटतो यात.

असो. वहिनींची रवानगी मुंबईस झाली. किनवटहून मुंबईस जावयास नंदिग्राम एक्सप्रेस आहे. हा प्रवास रात्र आणि दिवस मिळून पुरा शीण देणारा आहे, आणि औषधाच्या प्रत्येक फेरीस तो करावयाचा होता. दादा बरोबर जात. कधी आम्ही जात असू. याच दिवसांत, २०१९ च्या मे महिन्यात, आमच्या त्या विद्यार्थ्याचा ई-मेल आला.

हा मुलगा जवळच्या एका बंजारा तांड्यावरचा. बारावीपर्यंतची दोन वर्षे तो आमच्या वाड्यात राहिला आणि वहिनींच्या हातचे जेवला. आम्ही म्हणतो म्हणून तोही त्यांस वहिनीच म्हणे. पुढे इंजिनिअर होऊन तो न्यू जर्सी प्रांती स्थायिक झाला. त्याच्या कचेरीतील एक सहकारी यहुदी. त्यांच्या सिनेगॉगातील मंडळींनी दर वर्षीप्रमाणे दौडीसाठी एक चमू उभा केला होता, आणि घरी असा आजार आहे हे कळल्यावर त्यांनी यासही सामील करून घेतले.

या दौडींची कुळकथा अशी आहे. सुझन कोमेन नावाची एक अमेरिकन स्त्री वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, १९८० साली, याच रोगाने वारली. तिच्या धाकट्या बहिणीने, नॅन्सी ब्रिंकर हिने, मरणाऱ्या बहिणीस शब्द दिला होता की या रोगाचा पिच्छा पुरवीन. १९८२ साली तिने संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी डॅलस शहरी पहिली दौड भरविली. तीत आठशे स्त्रिया होत्या. पुढे अशा दौडी जगभर पसरल्या. २०१० साली जेरुसलेमातही एक झाली. आपल्याकडे २०१२ साली मुंबईत मिलिंद सोमण आणि रीमा संघवी यांनी स्त्रियांची 'पिंकाथॉन' सुरू केली, ती अनेक शहरांत गेली. अंतर बहुधा दीड कोसाच्या आतबाहेर, म्हणजे पाच किलोमीटर. धावणारा वर्गणी भरतो, आप्तेष्टांकडून आणखी गोळा करतो, आणि तो पैसा संशोधनाकडे, तपासण्यांकडे व गरीब रुग्णांकडे जातो. या निमित्ताने गुलाबी फितीचा जो बाजार मांडला जातो आणि फुटकळ जिनसांवरही ती फीत चिकटवून व्यापारी जे पुण्य पदरात पाडून घेतात, ते आम्हांस रुचत नाही. पण वारीतही बत्तासेवाले असतातच.

आमच्या स्नेह्यांचा दुसरा आक्षेप असा की, पैसेच द्यावयाचे तर ते घरी बसून द्यावेत. तर मग विठोबाचे दर्शन एस. टी. ने जाऊन घेता येत नाही काय? चालण्याने विठोबा अधिक प्रसन्न होतो की नाही हे आम्हांस ठाऊक नाही. परंतु चार-चौघांत, उघड्या रस्त्यावर, पाठीवर नाव लावून चालणारा मनुष्य त्या नावाविषयी पुन्हा लाजू शकत नाही, एवढे मात्र खरे. त्या दौडीत प्रत्येकाच्या पाठीवर एक कागद टाचलेला असतो आणि त्यावर, ज्या बाईसाठी तो धावतो तिचे नाव तो लिहितो. दुखण्यातून उठलेल्या बायका गुलाबी सदरे घालून स्वतःच येतात. आपल्याकडे जे पदराखाली झाकावयाचे ते तेथे पाठीवर टाचावयाचे! आमच्या विद्यार्थ्याने कागदावर देवनागरीत "वहिनी" असे लिहिले. वाटेत तिघा-चौघांनी त्यास विचारले की ही अक्षरे कोणती आणि ही बाई कोण.

धर्ममंडळीच्या मंडळी या कामात पडावी, यास यहुद्यांच्या बाबतीत एक खास कारणही आहे. १९९० साली मेरी-क्लेअर किंग या विदुषीने दाखवून दिले की काही घराण्यांत हा रोग पिढीजात उतरतो आणि त्याचे मूळ सतराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात आहे. तो जनुक १९९४ साली हाती लागला, त्याचा जोडीदार १९९५ साली. त्यांस 'बीआरसीए-एक' व 'दोन' म्हणतात. या जनुकांतील तीन ठरावीक बिघाड मध्य व पूर्व युरोपातून आलेल्या आश्केनाझी यहुद्यांत विशेष आढळतात. इतर समाजांत असा बिघाड सुमारे चारशे माणसांत एकाकडे, तर त्यांच्यात चाळिसांत एकाकडे. ज्या बाईकडे तो असेल तिला आयुष्यात हा रोग होण्याचा संभव शेकडा साठांच्याही वर जातो. आणि यातील मर्माची गोष्ट ही की हा वारसा बापाकडूनही तितकाच येतो. मुलीच्या दुखण्याचे बीज तिच्या धडधाकट बापाच्या रक्तात असू शकते. एवढे कळल्यावर, हा बायकांचा विषय आहे असे म्हणून पुरुषांस बाकावर बसून राहता येत नाही.

तेथेही पूर्वी सारे उघड होते असे नाही. जुन्या वळणाच्या यहुदी घराण्यांत लग्न जुळविताना घरची दुखणी झाकण्याची रीत आहे. मुलीच्या आईस हा रोग झाला हे बाहेर फुटले तर स्थळे येईनाशी होतात. आम्हांस हे वाचून परकेपणा मुळीच वाटला नाही. रोशेल शोरेट्झ नावाच्या तरुण यहुदी विधिज्ञ बाईस अठ्ठाविसाव्या वर्षी हा रोग झाला, तेव्हा बोलावयास आपल्या वयाची, आपल्या आचाराची दुसरी बाई मिळेना; म्हणून तिने २००१ साली 'शर्शेरेत' ही संस्था काढली. हिब्रूत या शब्दाचा अर्थ साखळी. ती बाई २०१५ साली वारली. साखळी चालू आहे.

पत्रात दौडीच्या वाराविषयी मोठी मौजेची माहिती होती. शनिवार हा त्यांचा शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत आचारशील यहुदी लिहीत नाही, पैशास शिवत नाही, गाडी हाकीत नाही. प्राण वाचविण्यासाठी शब्बाथ मोडावा, नव्हे मोडलाच पाहिजे, अशी धर्माज्ञा आहे. पण वर्गणी गोळा करणारी दौड या आज्ञेत बसत नाही. सुदैवाने ही दौड रविवारी होती. मंडळींनी पहाटे प्रार्थना उरकली आणि डोक्यावरच्या लहान टोप्या केसांस चापांनी घट्ट बसवून ती रस्त्यावर आली. त्यांचे वृद्ध धर्मगुरू काठी टेकीत अर्ध्या वाटेपर्यंत चालले, तेथे एका बाकावर बसले आणि परत येणाऱ्यांची गणती करीत राहिले.

पत्राच्या शेवटी एक प्रश्न होता. त्यांच्या प्रार्थनेत आजाऱ्यांची नावे घेऊन आरोग्य मागण्याचा प्रघात आहे. धर्मगुरूंनी वहिनींचेही नाव घेण्याचे कबूल केले होते. पण तेथे आजाऱ्याचे नाव बापाच्या नावाने घेत नाहीत. अमक्या आईची लेक, तमक्या आईचा लेक, असे घेतात. तेव्हा "सर, वहिनींच्या आईचे नाव काय?" असे त्याने विचारले होते.

आम्ही पत्नीस विचारले. तिला ठाऊक नव्हते. दादांस विचारले. लग्नास अडतीस वर्षे झालेली, ते पुष्कळ वेळ आढ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "त्यांना आम्ही मामीच म्हणायचो." घरात वंशावळ आहे, तीत सात पिढ्यांचे पुरुष शाबूत आहेत. श्राद्धाच्या संकल्पात बायकांची नावे येतात हे खरे, पण त्यासाठी त्यांस अगोदर मरावे लागते. इस्पितळातील कागदावर वहिनींच्या नावापुढे दादांचे नाव आहे. शिधापत्रिकेवर, सातबाऱ्यावर, मतदारयादीत तेच. (१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालण्याचा नियम आमच्या सरकारने केला, ही त्यानंतरची गोष्ट.)

वहिनी त्या वेळी ओसरीवर पडून होत्या. औषधाने केस गेले होते. डोक्यास सुती फडके बांधलेले. आम्ही प्रश्न सांगितला. त्या उठून बसल्या. "कशाला पाहिजे?" म्हणाल्या. कारण सांगितले. मग त्यांनी नाव उच्चारले. ते नाव आम्ही येथे देत नाही. ते देण्याचा अधिकार आमचा नव्हे. पण ते उच्चारताना त्यांचा आवाज लहान मुलीचा झाला, आणि त्यानंतर तासभर त्या आपल्या आईविषयी बोलत होत्या. ती माउलीही "अंगावरच्या" कशाने तरी गेली होती, हे त्या तासात प्रथमच आमच्या कानी आले. मुंबईच्या डॉक्टरांनी हा प्रश्न पहिल्याच दिवशी केला होता, त्या वेळी वहिनींनी "माहीत नाही" म्हणून सांगितले होते. पुढच्या खेपेस त्यांनी ते आपण होऊन सांगितले, आणि मग आमच्या पुतणीचीही तपासणी झाली. ती निर्दोष निघाली.

"यहुदी म्हणजे कोण हो भावजी?" असे वहिनींनी त्याच दिवशी विचारले. 'बूट पॉलिश' मधला जॉन चाचा आठवतो का, असे आम्ही विचारताच त्यांची ओळख पटली. तो नट डेव्हिड अब्राहम चेऊलकर, कोकणातील बेने इस्राएल समाजाचा. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून सात जोडपी वाचली आणि त्यांचा हा विस्तार, अशी त्यांची परंपरागत कथा. तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. आडनावे रोहेकर, पेणकर, दिवेकर, बोली मराठी, कीर्तनेदेखील मराठी. नवस फेडावयाचा तर पोहे, गूळ, खोबरे यांचा मलिदा करून एलियाहू पैगंबरास दाखवितात. १९४८ नंतर बहुतेक इस्रायलास गेले. आज भारतात काही हजार उरले आहेत. आश्केनाझींचे ते चाळिसांत एकाचे गणित या मंडळींस लावता येत नाही. ही शाखा निराळी, आणि तिच्या रक्तात यहुदी व भारतीय असे दोन्ही वंश मिसळले आहेत असे २०१६ सालच्या एका संशोधनात दिसून आले.

याच समाजातील डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव येथे घेतल्यावाचून राहवत नाही. लंडनची एम्. डी. ही पदवी घेऊन त्या परत आल्या आणि १९२८ पासून १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा इस्पितळाच्या प्रमुख होत्या; त्या जागेवर बसलेल्या त्या पहिल्या भारतीय. १९६६ साली त्यांस पद्मश्री मिळाली. स्त्रियांस स्त्रीनेच तपासावे या हेतूने निघालेले ते इस्पितळ. आमच्या वहिनींनी पदर काढला नाही, त्याचे कारण त्या इस्पितळाच्या संस्थापकांस १८८६ सालीच कळले होते.

आणि ते कारण दूर केले तर काय होते, याचा पुरावा मुंबईतच आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली शहरातील गरीब वस्त्यांत एक प्रचंड प्रयोग आरंभिला. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दीड लाखांवर स्त्रिया. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी तपासणी, निम्म्यांत नुसती माहिती. तपासणी यंत्राने नव्हे, हातांनी. आणि तीही डॉक्टरांनी नव्हे, शिकवून तयार केलेल्या साध्या बायकांनी. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. पन्नाशीखालील बायकांत मृत्यूंवर फरक दिसला नाही. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू शेकडा तिसांच्या जवळपास घटले होते. खेड्यांतही असे काम होऊ शकते, हे बार्शीने दाखविले आहे. तेथील कर्करोग-नोंदणी १९८७ पासून चालू आहे, देशातील ग्रामीण भागातली ती पहिली, आणि आमच्या मराठवाड्यातले परांडा व भूम हे तालुके तिच्यात प्रथमपासून आहेत. किनवटच्या डोंगरांत, गोंड-कोलामांच्या पाड्यांवर, तांड्यांवर हेच काम करावयास फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. लागतात त्या दाराशी येऊन बसणाऱ्या, ओळखीच्या, आणि त्या अवयवाचे नाव न अडखळता घेणाऱ्या बायका. आशाताई येथेही आहेत. त्यांस हे शिकवावे आणि त्याचा मोबदला वेळेवर द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेवटच्या किरणोपचारासाठी आम्ही वहिनींबरोबर मुंबईस होतो. एका रविवारी इस्पितळास सुटी असल्याने त्या म्हणाल्या की त्या लोकांचे देऊळ इकडे कोठे असेल तर पाहावयाचे आहे. मशीद बंदरच्या बाजूस सॅम्युएल स्ट्रीटवर बेने इस्राएलांचे १७९६ साली स्थापन झालेले सिनेगॉग आहे. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ दयेचे द्वार. जुने बेने इस्राएल आपल्या प्रार्थनामंदिरास मशीदच म्हणत, आणि स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. २००८ च्या हल्ल्यानंतर अशा ठिकाणी पहारा असतो. ओळखपत्रे पाहून, नावे लिहून घेऊन आम्हांस आत सोडले. वहिनींच्या डोक्यावर पदर होताच. आमच्या बोडक्या डोक्याकडे पाहून तेथील एका वृद्ध गृहस्थांनी एक टोपी आणून दिली. ती आम्हांस लहान झाली. वहिनी बऱ्याच दिवसांनी हसल्या.

गृहस्थ अलिबागकडचे, मराठी अस्सल कोकणी वळणाचे. वहिनींनी त्यांस एकदमच विचारले, "तुमच्यात दुखणेकऱ्याच्या आईचं नाव घेतात म्हणे?"

"होय बाई, आईचंच."

"मग बापाचं का नाही?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "आमच्या शास्त्र्याला विचाराल तर तो दहा कारणं सांगेल. मी आपला साधा माणूस. रात्री कळ आली म्हणजे तुम्ही कुणाला हाक मारता?"

वहिनींनी उत्तर दिले नाही. त्या बाकावर बसल्या आणि वर टांगलेल्या काचेच्या दिव्यांकडे पाहू लागल्या. किती दिवे आहेत ते त्या बोट फिरवून मोजीत होत्या. मग त्यांनी पिशवीतून किनवटहून आणलेल्या तिळाच्या वड्यांचा पुडा काढला आणि त्या गृहस्थांपुढे केला. त्यात तूप आहे की आणखी काही, हे त्यांनी आधी विचारून घेतले, आणि मग एक वडी उचलली.